तातडीची गर्भनिरोधक गोळी : दुष्परिणाम, गैरसमज आणि डॉक्टरांकडे जाण्याची वेळ

(विद्यार्थी, पालक व महिला मंडळ यांच्यासाठी एक अभ्यासपाठ)

गेल्या वर्षावासात आपल्या विहारात दर रविवारी अभ्यासवर्ग भरत असे. वर्गाच्या शेवटी प्रश्नपेटी उघडण्याची प्रथा आपण पाडली आहे. चिठ्ठीवर नाव लिहायचे नाही, प्रश्न मात्र मोकळेपणाने विचारायचा, असा नियम. एका रविवारी चिठ्ठ्या वाचण्याचे काम आमच्याकडे आले. त्यात वहीच्या पानाच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी निघाली. मजकूर असा होता : "७२ तासांची गोळी घेतली होती. मध्ये थोडे रक्त गेले. आता पाळीची तारीख उलटून नऊ दिवस झाले. पुन्हा गोळी घेतली तर चालेल का? कोणाला विचारू?"

आम्ही ती चिठ्ठी मनातल्या मनात वाचली, तिची घडी केली आणि खिशात ठेवली. पुढची चिठ्ठी प्रतीत्यसमुत्पादावर होती. तिचे उत्तर आम्ही चांगले वीस मिनिटे दिले.

घरी आल्यावर पत्नीला चिठ्ठी दाखवली. ती म्हणाली, "तुम्ही वाचली असतीत, तर त्या एकीबरोबर आणखी दहाजणींनी ऐकलं असतं." आम्ही निरुत्तर झालो. पुढे कार्यकारिणीच्या बैठकीत विषय काढला. "विहारात हे कशाला?" असे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, तर "विहारात नाही तर कुठे?" असे महिला मंडळाच्या भगिनींनी विचारले. अखेर स्मरणिकेत लेख द्यावा असे ठरले. आम्ही बँकेत कारकुनी करणारे, कला शाखेचे पदवीधर, डॉक्टर नव्हे. म्हणून एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीकडून सर्व बाबी समजून घेतल्या, लेख त्यांना दाखवला आणि मगच छापायला दिला. प्रस्तुत लेख म्हणजे त्या न वाचलेल्या चिठ्ठीला उशिरा दिलेले उत्तर होय.

१. हा विषय आपल्याला परका नाही

संततिनियमनाचा विषय आंबेडकरी चळवळीला नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना मासिकात उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्या खटल्यात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले ते बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. निकाल विरुद्ध गेला, दंड झाला. पण शरीराविषयी प्रश्न विचारणे आणि त्याला शास्त्रीय उत्तर देणे हा गुन्हा नव्हे, ही भूमिका बाबासाहेबांनी न्यायालयात घेतली, ही गोष्ट इतिहासात नोंदली गेली आहे.

त्यानंतर १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या प्रसारासाठी सरकारने उपाय योजावेत असा ठराव आला. बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण त्यांच्या पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनी सभागृहापुढे ठेवले. ठरावाच्या बाजूने ११ आणि विरोधात ५२ मते पडून तो फेटाळला गेला. स्वतंत्र भारताने १९५२ साली कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तो त्यानंतर चौदा वर्षांनी. याहीपूर्वी, १८६३ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. फसलेल्या स्त्रीला "तू कोण, तो कोण" असे न विचारता आधी आसरा द्यायचा, हा त्यामागचा विचार होता.

अशी परंपरा मागे असताना आम्ही चिठ्ठी खिशात घातली, याची लाज वाटते ती यासाठी.

२. ही गोळी म्हणजे काय?

औषधाच्या दुकानात जी "७२ तासांची गोळी" मिळते तिच्यात लेव्होनॉर्जेस्ट्रेल नावाचे औषध असते. स्त्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक तयार होते, त्याच्यासारखे काम करणारा हा कृत्रिम पदार्थ आहे. पूर्वी ०.७५ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या बारा तासांच्या अंतराने घेत; आता १.५ मिलिग्रॅमची एकच गोळी घेतली जाते. आपल्या देशात २००५ साली ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास परवानगी मिळाली. शासनाच्या आरोग्य केंद्रांत आणि आशा कार्यकर्तीकडेही ती उपलब्ध करून देण्यात आली आहे.

नावाप्रमाणे ती तातडीसाठी आहे. निरोध फाटला, रोजची गोळी घ्यायची राहिली, कोणतेच साधन वापरले गेले नाही किंवा स्त्रीवर बळजबरी झाली, अशा वेळी गर्भ राहू नये म्हणून ती घेतात. ती जितकी लवकर घ्यावी तितका गुण अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांत केलेला एक मोठा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, ही गोळी २४ तासांच्या आत घेतल्यास होऊ घातलेल्या गर्भधारणांपैकी सुमारे ९५ टक्के टळतात, ४८ तासांपर्यंत घेतल्यास सुमारे ८५ टक्के आणि ७२ तासांपर्यंत गेल्यास सुमारे ५८ टक्के. म्हणजे "७२ तास आहेत ना, उद्या पाहू" हा हिशेब चुकीचा आहे. कर्जाच्या हप्त्याची मुदत आणि या गोळीची मुदत सारखी नव्हे. हप्ता शेवटच्या दिवशी भरला तरी चालतो. गोळीचा गुण मात्र दर दिवशी घटत जातो.

७२ तास उलटून गेले तरी सर्व मार्ग बंद होत नाहीत. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून तांबी बसवून घेता येते. तातडीच्या सर्व उपायांत तांबी सर्वांत खात्रीची. शंभरात नव्याण्णवाहून अधिक वेळा ती उपयोगी पडते आणि पुढे काही वर्षे संरक्षणही देते. शासकीय रुग्णालयात ती विनामूल्य बसवतात.

३. शीलाचा प्रश्न

काही उपासक-उपासिकांच्या मनात शंका असते की, ही गोळी घेणे म्हणजे जीवहत्या तर नव्हे? पंचशीलातील पहिल्या शीलाचा त्यामुळे भंग होतो का? शंका प्रामाणिक आहे. म्हणून तिचे उत्तरही नीट द्यायला हवे.

ही गोळी गर्भ पाडत नाही. महिन्याच्या चक्रात बीजकोषातून स्त्रीबीज बाहेर पडते, ते बाहेर पडणेच ती रोखते किंवा लांबवते. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरात सुमारे पाच दिवस जिवंत राहू शकते. तेवढ्या अवधीत स्त्रीबीज बाहेर आलेच नाही तर दोहोंची गाठ पडत नाही आणि गर्भ तयारच होत नाही. स्त्रीबीज आधीच बाहेर पडलेले असेल तर गोळीचा उपयोग होत नाही, असे पुढील अभ्यासांत आढळले. गर्भ रुजला असेल तर ती त्याला हलवू शकत नाही, आणि त्या गर्भाला तिच्यामुळे अपाय झाल्याचेही दिसलेले नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२२ मध्ये या गोळीच्या माहितीपत्रकात तशी स्पष्ट दुरुस्ती केली.

गर्भपाताची औषधे वेगळी असतात. मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल ही त्यांची नावे. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. दुकानात "गोळी द्या" एवढेच सांगून भलतेच पाकीट हाती पडू नये, म्हणून हा फरक प्रत्येकाने लक्षात ठेवावा.

४. नेहमीचे, न घाबरण्याजोगे दुष्परिणाम

दुष्परिणाम हा शब्द ऐकला की माणूस घाबरतो. वास्तविक शरीरात एकदम संप्रेरकाची मोठी मात्रा गेली की शरीर थोडी कुरकुर करते, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो. वर उल्लेखिलेल्या १९९८ च्या अभ्यासात ही गोळी घेतलेल्या स्त्रियांची नोंद अशी आढळते :

दर शंभरात सुमारे २३ जणींना मळमळले. सुमारे १८ जणींना ओटीपोटात दुखले. सुमारे १७ जणींना थकवा आला आणि तितक्याच जणींचे डोके दुखले. सुमारे ११ जणींना चक्कर आल्यासारखे वाटले आणि तितक्याच जणींचे स्तन जड होऊन दुखले. प्रत्यक्ष उलटी झाली ती सहाजणींना. त्याआधी प्रचलित असलेल्या जुन्या पद्धतीत, म्हणजे दोन संप्रेरकांच्या गोळ्या एकदम घेण्यात, निम्म्या स्त्रियांना मळमळ आणि जवळजवळ १९ जणींना उलटी होत असे. नवी गोळी त्या मानाने पुष्कळ सौम्य आहे.

हे त्रास साधारणपणे एक-दोन दिवसांत ओसरतात. गोळी काहीतरी खाऊन घ्यावी, पाणी पुरेसे प्यावे, विश्रांती घ्यावी. डोके किंवा पोट थोडे दुखत असेल तर पॅरासिटामॉलची साधी गोळी चालते. चक्कर येत असेल तर त्या दिवशी गाडी चालवू नये, उंचावरचे किंवा यंत्रावरचे काम टाळावे.

एका बाबतीत मात्र घड्याळाकडे पाहावे. गोळी घेतल्यापासून दोन तासांच्या आत उलटी झाली तर औषध अंगी लागले नाही असे समजावे आणि लगेच दुसरी मात्रा घ्यावी. काही माहितीपत्रकांत ही मर्यादा तीन तासांची दिलेली असते. दोन-तीन तासांच्या मध्ये उलटी झाली आणि मनात शंका राहिली, तर डॉक्टरांना विचारून घ्यावे. पुन्हा पुन्हा उलटी होत असेल तर उलटी थांबण्याचे औषध डॉक्टर देतात. तांबीचा पर्यायही सुचवू शकतात.

५. पाळीत होणारे बदल

सर्वांत जास्त घबराट होते ती इथे. गोळी घेतल्यानंतर काही दिवसांनी थोडेसे रक्त जाणे, कपड्यावर डाग पडणे, असे होऊ शकते. ती पाळी नव्हे. "रक्त गेले, म्हणजे सुटलो" असे समजून पुढच्या तारखेकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही.

पुढची पाळी काही दिवस आधी येते, वेळेवर येते किंवा काही दिवस उशिरा येते. बहुतेक स्त्रियांना ती नेहमीच्या तारखेच्या आगेमागे एक आठवड्याच्या आत येते. रक्तस्राव नेहमीपेक्षा कमी-जास्त असू शकतो. त्यानंतरच्या महिन्यात बहुधा चक्र पूर्ववत होते.

सात दिवसांहून अधिक उशीर झाला, किंवा पाळी आली पण नेहमीपेक्षा फारच थोडी आली, तर मात्र लघवीची गर्भ तपासणी करावी. पाळी मुळातच अनियमित असेल तर संबंधाच्या दिवसापासून तीन आठवड्यांनी तपासणी करावी. तपासणीची पट्टी औषधाच्या दुकानात थोड्या पैशांत मिळते. 'निश्चय' नावाचा शासनाचा संच आशा कार्यकर्तीकडे असतो.

६. गोळी घेण्याआधीच कोणी विचारावे?

ही गोळी बहुतेक सर्व स्त्रियांना घेता येते. अंगावर पाजणाऱ्या मातेलाही ती वर्ज्य नाही. तरीही पुढील स्त्रियांनी आधी डॉक्टरांशी बोलावे. फक्त त्यात वेळ घालवू नये.

क्षयरोगावर रिफॅम्पिसिन चालू असणाऱ्या, फिट्सवर फेनिटॉइन, कार्बामाझेपिन किंवा फेनोबार्बिटोन घेणाऱ्या, एच.आय.व्ही.वरील काही औषधे, विशेषतः इफाव्हिरेंझ, घेणाऱ्या. ही औषधे यकृताला अशी कामाला लावतात की, लेव्होनॉर्जेस्ट्रेल शरीरातून लवकर नाहीसे होते आणि गोळी कमी पडते. अशांना डॉक्टर मात्रा वाढवून देतात किंवा तांबी सुचवतात. क्षयाचे औषधोपचार आपल्या वस्त्यांतून अनेक घरी चालू असतात, म्हणून हा मुद्दा विशेष ध्यानात ठेवावा. क्षयाच्या गोळ्या मात्र कोणत्याही कारणाने मध्येच बंद करू नयेत.

वजन पुष्कळ जास्त असलेल्या स्त्रियांमध्येही या गोळीचा गुण कमी होण्याची शक्यता असते. यकृताचा गंभीर आजार असेल, किंवा या औषधाची पूर्वी ॲलर्जी झाली असेल, तर डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे.

७. डॉक्टरांकडे केव्हा जावे?

या लेखातून एकच भाग कापून ठेवायचा असेल तर हा ठेवावा.

(अ) एक क्षणही न दवडता जावे, असे प्रसंग :

ओटीपोटात, विशेषतः एका बाजूला, तीव्र कळा येणे; त्याबरोबर घेरी येणे, घाम फुटणे, अंग गार पडणे किंवा खांद्याच्या टोकाशी दुखणे. गर्भ कधी कधी गर्भाशयात न रुजता बीजवाहक नळीत रुजतो. या गोळीमुळे तसे होण्याचा धोका वाढत नाही. पण गोळी निष्फळ ठरून गर्भ राहिलाच, तर तो नळीत असण्याची शक्यता डॉक्टरांना तपासावी लागते. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो आणि काही तासांत जीव धोक्यात येतो. हे दुखणे गोळीनंतर दुसऱ्या दिवशी नव्हे, तर बहुधा काही आठवड्यांनी उठते. त्यामुळे गोळीचा आणि त्याचा संबंध घरच्यांच्या लक्षातच येत नाही. "उष्णता झाली असेल, ताक पी" असे म्हणून अशा वेळी घरी बसवू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि गोळी घेतल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

रक्तस्राव इतका की तासाला एक पॅड भिजतो आणि हे दोन तास किंवा अधिक चालते.

अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, श्वास लागणे. ही ॲलर्जीची लक्षणे होत.

(ब) एक-दोन दिवसांत जावे, असे प्रसंग :

पाळी सात दिवसांहून अधिक लांबली. तपासणीत गर्भ असल्याचे दिसले. मधला रक्तस्राव आठवड्याहून अधिक चालला. ओटीपोटातले दुखणे दोन-तीन दिवसांत कमी झाले नाही. ताप आला किंवा अंगावरून दुर्गंधीयुक्त स्राव जाऊ लागला. शेवटचे लक्षण गोळीचे नसून संसर्गाचे असते. ही गोळी एच.आय.व्ही. किंवा इतर लैंगिक आजारांपासून मुळीच संरक्षण देत नाही. ते काम निरोधच करतो.

डॉक्टरांना काय सांगावे? शेवटच्या पाळीची तारीख, संबंधाची तारीख, गोळी घेतल्याची तारीख व वेळ, आणि चालू असलेली इतर औषधे. या चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. लाजेने तोंड उघडत नसेल तर कागद पुढे करावा.

८. ऐकीव गोष्टींची पारख

कालाम लोकांना तथागतांनी शिकवले ते हेच की, लोक म्हणतात म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून एखादी गोष्ट खरी मानू नका, पारखून पाहा. याच कसोटीवर काही ऐकीव गोष्टी लावून पाहू.

"एकदा गोळी घेतली की पुढे मूल होत नाही." हे खरे नाही. गोळीचा परिणाम त्या चक्रापुरता असतो. उलट पुढच्या काही दिवसांत पुन्हा असुरक्षित संबंध आला तर गर्भ राहू शकतो, कारण बीज बाहेर पडणे नुसते लांबलेले असते.

"एका गोळीने महिनाभर काळजी नाही." हे वरील कारणानेच चूक आणि धोक्याचे आहे.

"पाळी लांबली की ही गोळी घेतल्याने पाळी येते." येत नाही. ही पाळी आणण्याची गोळी नव्हे.

"वारंवार घेतली तर गर्भाशय खराब होते." गर्भाशय खराब होत नाही, पण पाळीचा हिशेब बिघडतो, मळमळ-डोकेदुखी पुन्हा पुन्हा सोसावी लागते आणि नियमित साधनांपेक्षा खात्री कमी मिळते. म्हणून ही नेहमीची सवय होऊ देऊ नये. नेहमीसाठी निरोध, माला-एन, आठवड्याची 'छाया' गोळी, तीन महिन्यांचे 'अंतरा' इंजेक्शन, तांबी ही साधने शासनाकडून विनामूल्य मिळतात. 'छाया' व 'अंतरा' ही २०१७ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात आहेत. आणि एक गोष्ट आम्ही पुरुष बांधवांना स्पष्ट सांगू इच्छितो. निरोध खिशात ठेवण्याचा कंटाळा आपण करायचा आणि मळमळ, चक्कर, नऊ दिवसांची धास्ती तिने सोसायची, याला समता म्हणत नाहीत.

९. बळजबरी आणि कायदा

एखाद्या मुलीवर किंवा स्त्रीवर अत्याचार झाला असेल तर तिला प्रथम रुग्णालयात न्यावे. खाजगी असो वा सरकारी, प्रत्येक रुग्णालयाने अशा पीडितेवर विनामूल्य उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. ही तरतूद २०१३ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत आली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. तातडीची गोळी हा त्या उपचाराचा भाग आहे. एच.आय.व्ही. टाळण्याचे औषधही ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते. म्हणून केवळ दुकानातून गोळी आणून देऊन प्रकरण मिटवू नये. मुलगी १८ वर्षांखालील असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार डॉक्टरांना पोलिसांना कळवावे लागते. परंतु त्यासाठी उपचार थांबवता येत नाहीत.

गोळी घेऊनही गर्भ राहिला तर स्त्रीसमोर दोन्ही मार्ग असतात. गर्भ ठेवायचा असेल तर गोळीमुळे त्याला अपाय होईल ही भीती बाळगू नये. नको असेल तर १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात विवाहित-अविवाहित हा भेद कमी केला आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही समान हक्क असल्याचे सांगितले. मात्र हे काम मान्यताप्राप्त डॉक्टरांकडेच व्हावे. दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी घरच्या घरी गर्भ पाडण्याच्या नादात स्त्रिया जिवावरचे प्रसंग ओढवून घेतात.

१०. बाण आधी काढा

मज्झिम निकायातील चूळमालुंक्यसुत्तात एक दृष्टांत येतो. एका माणसाला विषारी बाण लागतो. आप्तेष्ट वैद्य आणतात. पण तो म्हणतो, बाण मारणारा कोण, कोणत्या कुळाचा, उंच की ठेंगणा, धनुष्य कशाचे, हे कळल्याखेरीज मी बाण काढू देणार नाही. ही सारी माहिती मिळण्याआधी तो माणूस मरून जाईल, असे तथागत सांगतात.

घरातल्या मुलीच्या पोटात कळ उठते, तेव्हा आपण नेमके काय विचारतो? "कोण होता? कुठल्या जातीचा? कधीपासून चालले आहे? लोक काय म्हणतील?" बाण तसाच रुतलेला असतो आणि आपण धनुष्याची चौकशी करत बसतो. हे प्रश्न विचारायला पुढे आयुष्य पडले आहे. त्या घटकेला एकच प्रश्न योग्य : "कुठे दुखते? चल, डॉक्टरांकडे जाऊ." आजारी भिक्षूची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी करणाऱ्या बुद्धाचे आपण अनुयायी आहोत, हे अशा वेळी आठवावे.

आता त्या चिठ्ठीचे उत्तर. ते आम्ही त्या रविवारीच मोठ्याने द्यायला हवे होते.

ताई, पुन्हा गोळी घेऊ नका. तिने पाळी येणार नाही. मध्ये गेलेले रक्त गोळीमुळे असू शकते, त्यावरून गर्भ नाही असे ठरत नाही. तारीख उलटून नऊ दिवस झाले आहेत, तेव्हा आजच तपासणीची पट्टी आणा. निकाल काहीही आला तरी दोन दिवसांत डॉक्टरांना भेटा. पोटात तीव्र कळ आली किंवा घेरी आली तर दोन दिवसही थांबू नका. एकटीने जायची भीती वाटत असेल तर महिला मंडळाच्या भगिनी सोबत येतील. त्या नावही विचारणार नाहीत आणि कारणही.

ही स्मरणिका तुमच्या हाती पडेपर्यंत तो प्रसंग केव्हाच होऊन गेला असेल. तो नीट पार पडला असावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे. पण पुढची चिठ्ठी कोणाची तरी असेलच. पेटी दर रविवारी उघडते. यापुढे तिच्यातली एकही चिठ्ठी खिशात जाणार नाही, एवढी ग्वाही या निमित्ताने देतो आणि लेख संपवतो.

जयभीम! सर्वांचे मंगल होवो!